आजीची नोट

पेण, आषाढ शुद्ध प्रतिपदा

चि. मुग्धास,


कॉलेजच्या प्रकल्पाला तुझ्या वाट्याला अमेरिकेच्या ट्रेझरीतला कुणी पुढारी आलाय आणि ‘काका, तुम्ही बँकेत होतात, सांगा काहीतरी’ असं तू लिहितेस. अगं, मी कॅशियर होतो, तोही पेणला!

पण रोह्यात बसून इतक्या लांब कशाला जातेस? चिंतामणराव देशमुख तुमच्याच गावचे. जन्म महाडजवळच्या नाते गावी, १८९६ चा. वडील रोह्याला वकिली करत. १९१२ ला मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग केंब्रिज, आयसीएस.

माझ्या आजीच्या ट्रंकेत दोन रुपयांची एक नोट होती, पोथीच्या पानांत जपलेली. जांभळट रंग, सहाव्या जॉर्जचं मुंडकं आणि इंग्रजीत सही. आजीला इंग्रजीचा गंध नव्हता, पण सहीवर बोट ठेवून ‘हे आपल्याकडचे’ म्हणायची. राजाकडे ढुंकून बघायची नाही.

ती सही चिंतामणरावांची. १९४३ त ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. पुढच्याच जुलैत ब्रेटन वूड्सच्या परिषदेला गेले. तिथे ब्रिटनचे केन्स आणि अमेरिकी ट्रेझरीचे हॅरी डेक्स्टर व्हाइट जगाच्या पैशाची घडी बसवत होते. (हा व्हाइट तुझ्या यादीत आहे का बघ.) आपली अवस्था मोठी विचित्र. युद्धासाठी इथून माल गेला, त्याचे पौंड लंडनमध्ये आपल्या नावे जमा. म्हणजे गुलाम सावकार आणि मालक ऋणको! असली खतावणी मी जन्मात पाहिली नाही. गंमत म्हणावी तर त्याच वर्षांत बंगालात माणसं उपाशी मेली. ती अडकलेली रक्कम नव्या नाणेनिधीतून सोडवून घ्यावी, ही आपली मागणी तिथे मान्य झाली नाही.

१९५० त ते अर्थमंत्री झाले आणि १९५२ ला आपल्याच कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर गेले. स्टेट बँक, आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण, ही त्यांच्याच कारकिर्दीतली कामं. ती तुला पुस्तकात मिळतील.

तू राजीनाम्यावर लिही. मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवायची ठरली, संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर आलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याची न्यायालयीन चौकशी करायला सरकार तयार होईना. १९५६ च्या जुलैत लोकसभेत हे सगळं बोलून दाखवून त्यांनी अर्थखातं सोडलं. गोळीबार जानेवारीतले, मग सहा महिने का थांबले, असं आमच्या घरातही विचारलं जाई. मलाही ते खुपतं. पण बाहेर पडले ते तोंडावर सांगून, प्रकृतीचं कारण पुढे करून नव्हे. १९६९ ला राष्ट्रपतिपदाला उभे राहून तिसरे आले. तो डाव त्यांचा नव्हताच.

आणि हो, त्यांनी ‘मेघदूत’ मराठीत आणलं. तसा एखादा तुझ्या ट्रेझरीत सापडला तर कळव.

इथे कारखान्यांत गणपतींच्या डोळ्यांची आखणी चालू आहे, पावसाने मूर्ती वाळत नाहीत म्हणून सगळे वैतागलेत. रविवारी दिवा–रोहा गाडीने येतो. नोट घेऊन येतो. वाळवीने एक कोपरा खाल्लाय, राजाचा अर्धा कानही गेलाय. सही शाबूत आहे.

तुझा,
काका