मृगाआधीचे टायर

"भाऊ, गाडी पोहून राहिली ना!" चारही टायर नवे टाकून नेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असं म्हणत परत येतं, तेव्हा मी लगेच अलाइनमेंटचं मशीन लावत नाही. हवा बघतो, चाकांचे नट पुन्हा आवळतो (नवं चाक थोडं धावलं की ते आवळायचेच असतात) आणि विचारतो, जुने टायर किती घासले होते? उत्तर ठरलेलं असतं. पार टक्कल पडलं होतं.

मेख तिथंच आहे. कारच्या नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते. कायदा 1.6 मिलिमीटरला थांबा म्हणतो आणि आपल्याकडे लोक त्याच्याही पुढे जातात. नव्या टायरच्या नक्षीतल्या एका गुटक्यावर, म्हणजे रबराच्या ठोकळ्यावर, अंगठा ठेवून आडवा रेटला की तो किंचित झुकतो, सोडला की सरळ होतो. गिऱ्हाइकाला मी हे स्वतःच्या हाताने करायला लावतो. वळणावर हेच घडतं. स्टेअरिंग फिरवलं की आधी गुटके झुकतात, मग गाडी वळते. उशीर क्षणाचाही नसतो, पण टकल्या टायरवर हात बसलेल्या माणसाला तो कळतो. तो स्टेअरिंग जास्त फिरवतो, गाडी जास्त वळते, मग तो घाईने उलटं फिरवतो. पोहणं म्हणतात ते हेच, आणि त्यात टायरचा दोष काही नाही. गुटके थोडे घासले आणि हाताला सवय झाली की ते जातं.

पकडीचं प्रकरण वेगळं. साच्यातून निघालेल्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो, रबर साच्याला चिकटू नये म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंशही त्यावर राहू शकतो. साच्यातली हवा निघायला बारीक भोकं असतात, त्यांत शिरलेलं रबर म्हणजे टायरवरचे ते केस. केस झडले की टायर बसला, असं समजणारे बरेच. केसांकडे पाहू नका. रस्त्याला टेकणाऱ्या भागाची चमक जाऊन तो मळकट, खरखरीत झाला का, ते पाहा. साधारण आठशे किलोमीटर जपून चालवा, असं सांगितलं जातं. यवतमाळातून म्हणाल तर नागपूरच्या जाऊन-येऊन अडीच-तीन चकरा. पहिल्या दिवशी तर करकचून ब्रेक नकोच. टायर चढवताना आम्ही कडेला साबणाची पेस्ट लावतो. ती ओली असेतो टायर रिमवरच सरकू शकतो आणि केलेलं बॅलन्सिंग फुकट जातं. आणि पॉलिश! टायर काळाभोर दिसावा म्हणून काही हौशी लोक ते नक्षीवरही फासतात. निघायला हवा तो गुळगुळीतपणा पुन्हा विकत घेऊन लावण्याचा हा प्रकार.

दोनच नवे घ्यायचे असतील तर भांडण नक्की. गिऱ्हाईक म्हणतं, इंजिन पुढे, ओढ पुढे, मग नवे पुढेच टाका. मी मागे टाकतो. पुढची चाकं घसरली तर स्टेअरिंग हलकं पडतं, माणसाला कळतं, तो वेग कमी करतो. मागची घसरली तर गाडीचं शेपूटच फिरतं आणि कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. धामणगाव रोडवर करळगावचा घाट पावसात उतरताना मला तरी चांगले टायर मागेच हवेत.

पण खरा प्रश्न मुहूर्ताचा. आपल्याकडे टायर आठवतात पहिला पाऊस पडल्यावर. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ आणि तेल त्या पावसाने वर येतं. पेरणी सुरू झाली की ट्रॅक्टरची चाकं वावरातली काळी माती डांबरावर आणतात. धो-धो पावसात ती धुऊन जाते, भुरभुर पावसात तिचा साय धरल्यासारखा थर बसतो. साचलेलं पाणी बाहेर फेकायला नव्या टायरच्या खोल नाल्या टकल्यापेक्षा कितीतरी चांगल्या, पण या चिकट थरापुढे त्यांचंही फारसं चालत नाही. त्यात वरचा थर अजून न निघालेला टायर आणि "आता नवे टायर आहेत, काय होते?" म्हणत दाबलेला ॲक्सिलरेटर. नव्या टायरचा भरवसा पहिल्या दिवसापासून धरू नये, असं मी सांगतो ते यासाठी.

मृग 7-8 जूनला लागतो. त्याच्या तीन आठवडे आधी, मे महिन्यातच टायर टाकून घ्या. घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा, 1825 असेल तर तो 2025 सालच्या अठराव्या आठवड्यात बनला. मग कोरड्या रस्त्यावर सकाळच्या गारव्यात चालवा, हवाही तेव्हाच तपासा, कारण दुपारच्या तापलेल्या टायरमध्ये ती जास्तच दिसते. आणि जूनमध्येच यायचं असेल तर या, टायर टाकून देतो, पण आठ-पंधरा दिवस पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा.