लुधियान्याचा बुढा दरिया

पंजाब म्हटले की गव्हाची शेते, पाटाचे खळाळते पाणी आणि बादली भरून दूध देणारी म्हैस एवढेच आपल्या मनात येते. त्यात खोटे काही नाही. पण त्याच पंजाबात लुधियाना शहरातून एक नदी वाहते. तिच्यात काय वाहते हे दुभती जनावरे बाळगणाऱ्या प्रत्येकाने एकदा जाऊन पाहावे असे आहे. सर्वांना एवढ्या लांब जाणे जमणार नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडून जायचे तर नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस सोयीची. परभणी, जालना, मनमाड, भुसावळ करीत ती दिल्लीमार्गे लुधियान्याला पोचते. वाटेत काही स्टेशनांवर शीख मंडळी डब्याशी येऊन लंगरचे जेवण वाढतात. जात विचारीत नाहीत, तिकीट विचारीत नाहीत. ताट-वाटी तेवढी जवळ ठेवावी.

माझे जाणे झाले ते तेथील कृषी विद्यापीठाच्या किसान मेळ्यासाठी. हे विद्यापीठ १९६२ सालचे, आणि मेळा १९६७ पासून भरतो. मार्चमध्ये एकदा आणि सप्टेंबरात एकदा. आपल्याकडे जत्रेत रेवड्या घ्यायला जशी झुंबड उडते तशी तेथे बियाण्याच्या पिशव्यांसाठी उडते. घरची मंडळी, लेकीसुना, म्हातारी माणसे ट्रॉलीत बसून येतात आणि बियाण्याबरोबर शेतीची पुस्तकेही विकत घेऊन जातात. हे शेवटचे मला फार आवडले. आपल्याकडे प्रदर्शनाला आलेला गडी फुकटची माहितीपत्रके घेतो आणि बाहेर आल्यावर त्यांत भजी गुंडाळतो.

विद्यापीठाला लागूनच हैबोवाल नावाचा भाग आहे. वारा तिकडून आला की वास येतो. पहिल्या दिवशी वाटले, जवळपास मोठा उकिरडा असावा. बरोबरच्या पंजाबी मित्राने सांगितले, "उकिरडा नव्हे, बुढा दरिया."

आपल्याला वाटते बुद्ध भगवानांच्या नावाची नदी असेल. तसे नाही. बुढा म्हणजे म्हातारा. सतलज नदी पूर्वी ज्या अंगाने वाहत होती ती तिची जुनी वाट, म्हणून म्हातारा दरिया. कूमकलां गावाजवळ उगम, एकूण लांबी सुमारे ४७ किलोमीटर, त्यातले १४ किलोमीटर लुधियाना शहरातून, आणि शेवटी वलीपूर कलां येथे सतलजेशी संगम. काठावर गौघाट नावाचा गुरुद्वारा आहे आणि त्याचे नाते गुरू नानकदेवांशी सांगतात. गौघाट! ज्या घाटाचे नावच गाईचे, त्याच्या पाण्याला आज गाय तोंड लावणार नाही. कागदोपत्री पुष्कळ वर्षे या नदीला 'बुढा नाला' म्हणत आले. एकदा नदीचा नाला झाला की त्यात काहीही टाकायला मन कचरत नाही.

सगळा दोष जनावरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. लुधियाना हे लोकरीच्या आणि होजिअरीच्या कापडाचे गाव. रंगाईचे कारखाने शेकड्यांनी आहेत आणि शहराचे सांडपाणी वेगळेच. पण मी शेती खात्याचा माणूस. कारखान्याचे कारखानदार बघतील. मला पाहायचे होते ते शेण.

शहरात म्हशींच्या दोन मोठ्या वसाहती आहेत. एक हैबोवालची, दुसरी ताजपूर रस्त्यावरची. शहराबाहेर म्हणून त्या वसवल्या, आणि पुढे शहरच वाढत त्यांच्याभोवती येऊन बसले. गल्लीच्या दोन्ही बाजूंना गोठ्याला गोठा लागलेला, दावणीला काळ्याभोर म्हशी, आणि दुधाचे कॅन लादलेल्या मोटरसायकलींची ये-जा. जनावरे उत्तम राखलेली. तेथे नाव ठेवायला जागा नाही. मात्र सकाळी धारा झाल्या की गडी रबरी नळी हातात घेतो आणि पाण्याच्या जोरावर शेण, मूत, वैरणीची नासाडी सगळे एका दमात गटारात लोटतो. दहा मिनिटांत गोठा आरशासारखा. गटारातून शेणकाला हळूहळू सरकत दरियाकडे.

एका वयस्क सरदारजींनी खाटेवर बसवून दुधाचा मोठा पेला हातात दिला. मी विचारले, "पाजी, हे सोने असे सोडून देता?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "सोने खरे, पण ठेवू कुठे? चाळीस म्हशी आहेत आणि जागा एवढीच. माझ्यापाशी शेत असते तर एक पाटीही सोडली नसती. शेतकरी वीस कोसांवर. ट्रॉलीचे डिझेल कोण देणार?"

त्यांचे म्हणणे मी रात्री कागदावर मांडून पाहिले. म्हशीचे दिवसाचे शेण १५ किलो धरले तरी वर्षाला साडेपाच टन होते. ताज्या शेणात पाणीच जवळजवळ ऐंशी टक्के. नत्र धरा शंभर किलोला पाव ते अर्धा किलो यांच्या मध्ये. वर्षभराच्या शेणातून हाती येते १८-१९ किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ते वीस-एकवीस किलो असते, आणि अनुदानामुळे ती गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळते. एका म्हशीचे वर्षाचे शेण आणि एक गोणी! नुसत्या नत्राच्या भावाने पाहिले तर साडेपाच टनांची ओढाताण कोणी करणार नाही, हे सरदारजींचे गणित चुकीचे नव्हते. मात्र गोणीत स्फुरद नाही, पालाश नाही, आणि जमीन भुसभुशीत ठेवणारा सेंद्रिय भाग तर नाहीच. तो कोणत्याच दुकानात २६६ रुपयांत मिळत नाही.

आता तेच शेण पाण्यात काय करते ते पाहा. शेतात जे जिवाणू शेण कुजवून खत करतात, तेच पाण्यात शेण कुजवताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. मासे तळमळून मरतात. प्राणवायू संपला की निराळे जिवाणू कामाला लागतात, पाणी काळे पडते आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. शेणातून येणारे रोगजंतू वेगळेच. शेण तेच, फक्त ते जमिनीवर पडले की पाण्यात, एवढाच फरक.

सरकार स्वस्थ बसले होते असे नाही. हैबोवालला २००४ च्या सुमारास शेणावर चालणारा १ मेगावॅटचा वीज प्रकल्प उभारला गेला. पुढे दरियाच्या शुद्धीकरणाची सुमारे ८४० कोटी रुपयांची योजना आली. शहराच्या सांडपाण्यासाठी जमालपूरला रोज २२५ दशलक्ष लिटरचे केंद्र बांधले, ते २०२३ मध्ये सुरू झाले. गोठ्यांच्या पाण्यासाठी दोन निराळी केंद्रे: हैबोवालला रोज ३७.५ लाख लिटरचे, ताजपूर रस्त्याला २२.५ लाख लिटरचे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने कान उपटले, पंजाबच्या प्रदूषण मंडळाने नोटिसा काढल्या, नुकसानभरपाईची आकारणी केली, वीज तोडण्यापर्यंत गोष्ट गेली. २०२४ मध्ये लोकांनीच 'काले पाणी दा मोर्चा' काढला. कालीबेईं नदी २००० सालापासून कारसेवेने स्वच्छ करणारे संत बलबीरसिंग सीचेवाल २०२४-२५ च्या हिवाळ्यात या दरियाच्या कामाला लागले.

एवढे करूनही घोडे अडते कोठे, हे तेथल्या एका अभियंत्याने मला दोन वाक्यांत सांगितले. "आम्ही गोठा धुतलेल्या पाण्यासाठी यंत्र बसवले. लोक त्यात अख्खे शेण सोडतात." शेणाचा लगदा, वैरणीच्या काड्या, दोऱ्या सगळे नळात अडकते, पंप बसतो, आणि पाणी पुन्हा दरियाची वाट धरते. मला तर सगळ्या योजनेतला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटला. पाण्यात कालवलेले शेण वेगळे काढायला कोट्यवधी रुपयांची यंत्रे लागतात. तेच शेण धुण्याआधी उचलायला एक फावडे, एक घमेले आणि एक माणूस लागतो. नोटीस मालकाच्या नावाने निघते, पण शेण कोठे जाणार हे नळी हातात धरलेला गडी ठरवतो, आणि त्याच्यापर्यंत कोणीच पोचत नाही. त्याला रोज अर्धा तास जास्त लागेल, त्या अर्ध्या तासाची मजुरी कोण देणार हे कोणत्याच आदेशात लिहिलेले नसते.

शेवटच्या दिवशी मित्राच्या जीपमधून वलीपूर कलांला गेलो. सतलजेच्या पाण्यात दरियाचे काळे पाणी शिरते आणि बराच पल्ला दोन्ही रंग शेजारी शेजारी वाहतात. काठावर एक शेतकरी धानाच्या बांधावर उभा होता. तो म्हणाला, "शहरवाले ते डोळ्याआड करतात. ते जाते कोठे, आम्हाला विचारा." त्याच्याही पुढे, हरिके येथे सतलज-बियासचा संगम होतो, तेथून निघणाऱ्या कालव्यांचे पाणी माळव्याच्या गावांना आणि थेट राजस्थानातल्या श्रीगंगानगर, बिकानेरकडे जाते. तेथली माणसे तेच पाणी पितात. सरदारजींनी दिलेले दूध खरोखर उत्तम होते. पण ते आठवले की त्या बांधावरचा माणूसही आठवतो.

हे सारे दूरच्या शहरातले, आपल्या चार-दोन गाईंना काय त्याचे, असे कोणी म्हणेल. चार-दोन गाईंना खरेच नाही. त्यांचे शेण उकिरड्यातून शेतात जाते. पण गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही वीस, तीस, पन्नास संकरित गाईंचे गोठे उभे राहिले आहेत, आणि पाण्याची सोय म्हणून पुष्कळसे ओढ्याच्या कडेला. सिमेंटचा कोबा झाला, मोटर बसली, नळी आली. कायदाही आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्येच पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला, १९७० मध्ये मंडळ स्थापले आणि १९८१ पासून १९७४ चा केंद्रीय कायदा लागू केला. केंद्रीय मंडळाने २०२० मध्ये खास दुग्धशाळा आणि गोशाळांसाठी नियमावली काढली. शेण गटारात किंवा ओढ्यात सोडू नये हे तिच्यात आलेच. मोठ्या गोठ्याच्या मालकाने तालुक्याला येऊन एकदा विचारपूस करावी. तपासणीची गाडी दारात येण्याची वाट पाहू नये.

माझ्या कार्यक्षेत्रात एका भावांच्या जोडीने तीस गाईंचा गोठा ओढ्यालगतच बांधला आहे. धाकटा ऐकेना, थोरल्याला पटले. आता धार काढण्याआधी कोरडे शेण खराट्याने आणि फावड्याने ओढून घमेल्यात भरतात आणि छपराखालच्या खड्ड्यात टाकतात. नळी त्यानंतर. पाणी निम्म्याहून कमी लागते, हे धाकट्यानेच मला सांगितले. धुण्याचे पाणी उताराने अर्ध्या एकराच्या तुकड्याकडे वळवले आहे, मध्ये गाळ बसायला एक टाके ठेवून. त्या चराच्या दोन्ही अंगांना श्रावणात नेपियरची ठोंबे लावली. दसऱ्याच्या सुमारास ते कमरेपर्यंत आले होते. पहिली कापणी धाकट्यानेच केली.