गवताची राखण

दुबलगुंडीहून निघालो तेव्हा तूर फुलोऱ्यात आली होती. आमच्या शेतात खरीपभर सगळ्यात जास्त घाम गळतो तो गवत काढण्यात. एक कोळपणी, दोन खुरपण्या, तरी बांधाकडून हराळी आत शिरतेच. हुमनाबादला हमरस्ता, तिथून हैदराबाद, मग विमान आणि लंडनमध्ये भाचीचं घर. या शहरात आधी काय बघायचं, ते मात्र 1999 च्या जुलैतच ठरलं होतं. लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी त्या वर्षी विम्बल्डनची पुरुष दुहेरी जिंकली आणि आम्ही गावात टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसून ते पाहिलं. तात्यांचं लक्ष मात्र खेळाडूंच्या पायांखाली. "हे गवत कोण राखतंय रे?" त्यांनी विचारलं होतं.

साउथफील्ड्स स्टेशनवर उतरलो आणि चर्च रोडच्या दिशेनं पंधरा मिनिटं चाललो. ऑक्टोबरअखेरचा गार वारा होता. स्पर्धा जूनअखेर ते जुलै, पण मला मैदान रिकामंच बघायचं होतं.

सेंटर कोर्टच्या पायऱ्यांवर बसवून गाइडबाईंनी सांगायला सुरुवात केली. 2001 पासून इथं फक्त राय गवत पेरतात. स्पर्धेत त्याची उंची बरोबर 8 मिलिमीटर. खाली चिकणमातीची जमीन. ती कोरडी आणि टणक झाली नाही तर चेंडू नीट उसळत नाही. पंधरवडाभर खेळाडूंचे पाय मागच्या रेषेपाशी गवत घासून काढतात, माती उघडी पडते. स्पर्धा संपली की वरचा थर खरवडून पुन्हा पेरणी. म्हणजे दोन आठवड्यांच्या खेळासाठी वर्षभराची मशागत! ज्यानं औत धरलंय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या स्पर्धेचा उगमही मशागतीतच आहे, हे मला तिथल्या संग्रहालयात उमगलं. क्लब 1868 चा, आणि तोही क्रोकेचा. हिरवळ सपाट करायला तट्टू जुंपून ओढायचा एक रूळ होता, तो नादुरुस्त झाला. दुरुस्तीला पैसे हवेत म्हणून 1877 मध्ये टेनिसची स्पर्धा भरवली, असं सांगतात. 22 खेळाडू उतरले, स्पेन्सर गोर जिंकला, अंतिम सामना बघायला एकेक शिलिंग देऊन दोनेकशे माणसं आली. बायकांची एकेरी 1884 मध्ये सुरू झाली. तेव्हाचं मैदान वर्पल रोडला होतं. चर्च रोडची ही जागा 1922 ची.

पांढऱ्या कपड्यांचा दंडक, स्ट्रॉबेरी आणि साय, तिकिटासाठी रात्रभराची रांग या परंपरा सगळ्यांना माहीत आहेत. माझं मन गुंतलं ते रूफसमध्ये. रूफस हा पाळीव ससाणा. मैदानावर कबुतरं बसू नयेत म्हणून त्याला उडवतात. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसून गोफण फिरवलेल्या माणसाला तो जवळचा वाटणारच. दुसऱ्या महायुद्धात तर इथं डुकरं आणि कोंबड्या पाळल्या होत्या. 11 ऑक्टोबर 1940 ला सेंटर कोर्टवर बॉम्ब पडला, 1200 आसनं गेली. 1946 मध्ये पुन्हा खेळ सुरू झाला.

आणि मग लीला राव आठवली. 1934 मध्ये याच आवारात सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिची आई पंडिता क्षमा राव स्वतः टेनिस खेळायची आणि संस्कृतात काव्यं लिहायची, 'सत्याग्रहगीता' तिचीच. आजोबा शंकर पांडुरंग पंडित. 1869 मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेल्या तुकारामांच्या गाथेचं संपादन ज्यांच्या देखरेखीखाली झालं, तेच हे. गाथेतले पाठभेद निवडून शुद्ध प्रत उभी करणाऱ्या घरातली मुलगी रॅकेट घेऊन या गवतावर उतरली होती. आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे हे? मला स्वतःला पन्नाशी उलटल्यावर कळलं. शाळेच्या पुस्तकात तिचा धडा असता तर आमच्या हुमनाबादच्या मुलींनीही एखादं कोर्ट मागितलं असतं.

उठताना कोर्टाच्या कडेनं ठेंगणी तार दिसली. गाइडबाई म्हणाल्या, विजेची आहे, सौम्य झटक्याची. रात्री कोल्हे येतात आणि त्यांच्या मुतानं गवत जळतं.

बाहेर येऊन तात्यांना फोन लावला. ऐंशी ओलांडलेले, पण शेताचं म्हटलं की कान टवकारतात. सगळं सांगितलं. रूळ, पेरणी, ससाणा, तार.

"आपण डुकरासाठी लावतो तशी तार?"

"तशीच तात्या, पण बुटकी. गुडघ्याच्या खाली."

पलीकडे जरा वेळ नुसता वारा ऐकू आला. ते बांधावरच असणार.

"बी एकरी किती टाकतेत, ते विचारलंस का?"

मी परत गेटकडे वळलो.