विठ्ठलाची वेलांटी आणि यंत्राची लिपी

संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या कोरीवकामाच्या यंत्रासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकासमोर यावा असे वरकरणी काही कारण नाही. आंबेगाव तालुक्यात मंचरला माझ्या भाच्याने लाकडावर कोरीवकाम करणारा सीएनसी राउटर घेतला आणि सॉफ्टवेअरच्या परवान्यांचे इंग्रजी मजकूर वाचून अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडे आले. ते करताना जाणवले की हा प्रश्न संहिता, लिपी आणि भाषांतर यांच्याच अंगणातला आहे.

यंत्राला चित्र समजत नाही. समजते ती केवळ हालचाल. म्हणून आधी आकृती तयार करायची. मग कोणते पाते, किती खोल, कोणत्या वाटेने आणि किती वेगाने फिरेल हे ठरवायचे. या वाटेला टूलपाथ म्हणतात. शेवटी ती वाट जी-कोड नावाच्या भाषेत उतरवायची. १९५२ साली एमआयटीमध्ये छिद्रांच्या कागदी फितीवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले गेले. आजच्या या भाषेची पूर्वपीठिका तेथे आहे. ‘जी-शून्य’ म्हणजे लाकडाला न लागता झपाट्याने जा. ‘जी-एक’ म्हणजे सांगितलेल्या वेगाने कापत जा. भाषा एक असली तरी प्रत्येक कंट्रोलरची बोली थोडी निराळी असते. त्या बोलीत मजकूर उतरवणाऱ्या भागाला पोस्ट-प्रोसेसर असे नाव आहे. मी त्याला भाषांतरकार म्हणेन. आपल्याकडे भाषांतर चुकले तर परीक्षणात चार ओळी येतात. तेथे पाते थेट टेबलात घुसते.

भाच्याकडे येणाऱ्या कामांत घरांच्या पाट्या आणि देव्हाऱ्यांवरची अक्षरे अधिक. म्हणून आम्ही प्रत्येक सॉफ्टवेअरला एकच परीक्षा दिली: ‘श्री विठ्ठल प्रसन्न’. एकात ‘वि’ची वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली आणि ‘ठ्ठ’चा पाय मोडून दोन सुटे ठ झाले. दुसऱ्यात अक्षरे नीट उमटली, पण कोरताना नवीच अडचण दिसली. देवनागरी फाँटमध्ये शिरोरेषा सलग भासते, प्रत्यक्षात ती प्रत्येक अक्षराची स्वतंत्र असते आणि शेजारच्या रेषेवर किंचित चढलेली असते. कागदावर हे लपते. पाते मात्र प्रत्येक अक्षराची कड इमानाने कापते आणि शिरोरेषेवर जागोजाग चिरा पडतात. उपाय असा की इंकस्केपमध्ये मजकूर लिहावा, त्याचे वक्ररेषांत रूपांतर करावे, सर्व आकार एकसंध करावेत आणि मगच टूलपाथ काढावा. रोमन लिपी गृहीत धरून बांधलेल्या घरात आपली लिपी कशी पाहुण्यासारखी राहते, याचे इतके मूर्त उदाहरण मी दुसरे पाहिले नाही.

मालकीचा प्रश्न याहून खोल आहे. तेव्हा फ्युजन ३६० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वैयक्तिक वापराच्या विनामूल्य आवृत्तीत सप्टेंबर २०२० मध्ये बदल जाहीर झाले. त्यांत ‘जी-शून्य’ची झपाट्याची चाल काढून घेण्यात आली आणि एका वेळी संपादनासाठी खुल्या राहणाऱ्या फाइलींची संख्या १० वर आली. कंपनीला तसा अधिकार होताच. धंद्यासाठी ती आवृत्ती नव्हतीही. परंतु वापरणाऱ्याच्या यंत्रात काहीही न बदलता त्याची चाल मंदावते, हे समजल्यावर भाचा म्हणाला, “मामा, यंत्राचा हप्ता मी भरतो, मग त्याचा लगाम दुसऱ्याच्या हातात कसा?”

मराठीच्या अभ्यासकांना हा अनुभव नवा नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी आपले कितीतरी लेखन निरनिराळ्या फाँटांत टंकित झाले. त्या काळात टंकून घेतलेला माझा प्रबंध आज उघडला तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो. मजकूर नष्ट झालेला नाही; त्याची किल्ली हरवली आहे.

याउलट नाणेघाटाकडे पाहावे. जुन्नर तालुक्याच्या कडेवरील त्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे. यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायींची, घोड्यांची, कार्षापणांची मोजदाद त्यात आहे, अंकांसह. ब्राह्मी लिपी मध्यंतरी वाचेनाशी झाली होती. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास तिचा उलगडा केला. लेखांची अक्षरे दगडावर सर्वांसमोर उघडी होती, म्हणूनच ती पुन्हा वाचता आली. विस्मृती आणि बंदिस्तपणा यांतला फरक तो हाच.

मंचरहून पाबळ फार दूर नाही. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००२ मध्ये तेथे उभी राहिलेली फॅब लॅब एमआयटीबाहेरच्या अगदी आरंभीच्या लॅबपैकी एक होती. खेड्यातल्या मुलाने यंत्र नुसते चालवू नये, समजून घ्यावे, हा तेथील शिक्षणाचा गाभा. आमच्या निवडीलाही हीच कसोटी लावली.

अखेर अक्षरांसाठी इंकस्केप आणि टूलपाथसाठी फ्रीकॅड ठरले. फ्रीकॅड २००२ पासून घडते आहे आणि त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. मुक्त साधनांचा कैवार घेताना सत्य लपवू नये: ते शिकायला वेळ लागतो आणि गणपतीच्या उठावाच्या कामात विकत मिळणारी काही साधने अधिक सोपी पडतात. तशा कामासाठी एकदाच पैसे भरून कायमचे मिळणारे एखादे साधन भाचा पुढे घेईलही. अट एवढीच की मूळ आकृती कोणत्याही दुसऱ्या साधनात उघडेल अशा खुल्या स्वरूपात त्याच्याजवळ राहिली पाहिजे.

साहित्यात आपण संहितेच्या जतनाविषयी पुष्कळ बोलतो. कारागिराच्या आकृतीलाही संहिता मानले, तर ती कोणत्या फाइलीत ठेवावी हा प्रश्न पाठचिकित्सेचाच होतो. फरक इतकाच की पाठचिकित्सक हस्तलिखित हरवल्यानंतर कामाला लागतो. कारागिराला ते हरवण्यापूर्वी निर्णय घ्यावा लागतो.