खाटेच्या नंबरापासून घराच्या उंबरठ्यापर्यंत

दिल्लीत सकाळचे सहा वाजलेले असतात. एम्सच्या चौकात रिंग रोडवरच्या बसेस अजून रिकाम्या धावत असतात, पण फुटपाथ मात्र जागा झालेला असतो. कुणी चादर झटकतो आहे, कुणी स्टोव्हवर चहा ठेवला आहे, कुणी भिंतीला टेकून पेंगतो आहे. प्रत्येकाजवळ एक वस्तू हमखास दिसते. ती म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली फाईल आणि एक्स-रेचे पाकीट. बिहार, उत्तर प्रदेश, हरियाणा, राजस्थान... कुठून कुठून माणसे आलेली असतात. ओपीडीची खिडकी उघडली की रांगेत पहिला नंबर लागावा, एवढीच त्यांची इच्छा!

पूर्ण नाव ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस, पण रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत सारे ‘एम्स’च म्हणतात. १९५६ साली संसदेच्या कायद्याने ही संस्था उभी राहिली. इथल्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, अशी सगळ्या उत्तर भारताची श्रद्धा आहे आणि ती खोटी नाही. पण या रांगेतून हळूहळू पुढे गेले की एक प्रश्न मनात येतोच. एवढी माणसे इथे का यावीत? साखर वाढली, दम लागतो, जखम भरत नाही, एवढ्यासाठी रात्रभर रेल्वेत बसून दिल्ली का गाठावी? आणि ज्यांना ‘आता यांना घरी घेऊन जा’ असे सांगितले जाते, त्यांनी घरी गेल्यावर कुणाच्या दारात जायचे?

नाशिकच्या सुपुत्राचा अहवाल

या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी लिहून ठेवले गेले आहे. आणि ते लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर. इंग्रजांच्या अमदानीत सनदी सेवेत उच्च पदांवर काम केलेल्या भोर यांच्या समितीने १९४६ साली देशाच्या आरोग्याचा आराखडा मांडला. एम्ससारखी मोठी शिक्षणसंस्था हवी, हे त्यात होते. खेड्यापाड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रे हवीत, हेही होते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे, डॉक्टर नुसता रोगाचा जाणकार नको, माणसे कशी राहतात, काय खातात, कशाने आजारी पडतात हे समजणारा हवा. त्यासाठी त्याचे शिक्षणच बदलले पाहिजे, असे या अहवालाने बजावले होते.

एम्सचे पहिले संचालकही आपल्याकडचेच. डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजच्या प्राचार्यपदाचा अनुभव गाठीशी घेऊन ते दिल्लीला गेले. मोठी संस्था उभी राहिली. आता भोर समितीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सूचनेचे काय झाले, हे पाहायचे तर मात्र एम्सचे फाटक सोडून दक्षिणेला जावे लागते.

बाटा चौक, सूरदासांची सीही आणि बल्लभगड

पूर्वी बल्लभगडला जायचे म्हणजे मथुरा रोडची धूळ खात, बदरपूरच्या ट्रकांच्या गर्दीतून वाट काढत जावे लागे. २०१८ साली मेट्रो बल्लभगडपर्यंत गेली आणि प्रवास सोपा झाला. एम्सहून पिवळ्या मार्गाने केंद्रीय सचिवालय, तिथे गाडी बदलून जांभळा मार्ग. बदरपूर सीमा ओलांडली की हरियाणा सुरू होतो. स्टेशनांची नावेच फरीदाबादची कहाणी सांगतात. बाटा चौक, एस्कॉर्ट्स मुजेसर ही कारखान्यांची नावे. पुढे संत सूरदास सीही. सीही हे सूरदासांचे जन्मगाव अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. आणि शेवटचे स्टेशन राजा नाहरसिंह, बल्लभगड. अठराशे सत्तावनच्या उठावात दिल्लीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या या राजाला इंग्रजांनी ९ जानेवारी १८५८ रोजी चांदनी चौकात फाशी दिले. त्याचा महाल बल्लभगडात आजही उभा आहे.

पण वैद्यकीय विद्यार्थ्यांना बल्लभगड ओळखीचे आहे ते वेगळ्या कारणाने. १९६५ साली एम्सने सरकारच्या साथीने इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा हरियाणा राज्यही जन्माला आले नव्हते! बल्लभगडचे रुग्णालय, दयालपूर आणि छांयसा ही दोन प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि त्यांच्या कक्षेतली २८ गावे. सुमारे लाखभर वस्तीचा हा मुलूख म्हणजे एम्सचा दुसरा वर्ग. त्याला फळा नाही की बाके नाहीत.

बल्लभगड शहराचा गोंगाट मागे पडला की रस्ता यमुनेच्या दिशेने निघतो. दोन्ही बाजूंना गहू, थंडीत मोहरीची पिवळीधमक शेते, गोवऱ्यांचे रचलेले ढीग, ओसरीवर हुक्का ओढणारी म्हातारी मंडळी. एम्समध्ये प्रवेश मिळवलेली देशभरातली हुशार मुले-मुली शिक्षणाचा काही काळ या भागात काढतात. इथे सीटी स्कॅन हाताशी नसतो. हात, कान, डोळे आणि विचारायची पद्धत एवढ्यावर निदान करायचे असते.

पहिला धडा घरभेटीचा. वॉर्डात रुग्ण म्हणजे खाटेचा नंबर. ‘बारा नंबरची साखर किती?’ असे विचारले की काम भागते. इथे त्याच रुग्णाच्या घरी गेले की कळते, गोळ्या का चुकतात ते. चष्मा नाही, म्हणून पाकिटे ओळखू येत नाहीत. सून शेतावर जाते, तेव्हा दुपारची गोळी द्यायला कुणी नसते. चुलीचा धूर कोंडतो आणि आजीचा दमा औषधाने हलत नाही. पुस्तकातल्या कुठल्याच पानावर हे लिहिलेले नसते.

दुसरा धडा आणखी मोलाचा. या गावांतले आरोग्य कर्मचारी ठरल्या पाळीने घरोघर जातात. जन्म, मृत्यू, लग्ने, स्थलांतर अशी सगळी नोंद ठेवली जाते. घरात कुणी गेले की नंतर कर्मचारी त्या घरी बसून विचारपूस करतात. ताप होता का? श्वास लागत होता का? किती दिवस अंथरुणाला खिळले होते? त्या उत्तरांवरून मृत्यूचे कारण ठरवले जाते. घरी होणाऱ्या मृत्यूंची कारणे कळायला आपल्या देशात हाच मार्ग आहे. पण ही उत्तरे ऐकणाऱ्या तरुण डॉक्टरच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहत नाही. कारण तर कळले. पण गेलेल्या माणसाचे शेवटचे दिवस कसे गेले? ते दुखणे कमी करायला कुणी आले होते का?

दुखणे बरे होणार नाही, पण...

या प्रश्नाचे उत्तर शोधायला परत दिल्लीत यावे लागते, आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत. इथल्या ‘कॅनसपोर्ट’ या संस्थेची गोष्ट एका रुग्णापासून सुरू होते. हरमाला गुप्ता यांना परदेशात असताना कर्करोग झाला. त्या उपचारांनी बऱ्या झाल्या. मायदेशी आल्यावर त्यांना दिसले की इथे रोगावर इलाज आहे, पण रोग्याच्या मनाशी बोलणारे कुणी नाही. १९९१ साली त्यांनी कर्करोगातून उठलेल्यांचा ‘कॅन्सर सहयोग’ हा गट सुरू केला आणि १९९६ साली ‘कॅनसपोर्ट’ची स्थापना केली. पुढच्याच वर्षी रूथ वुलड्रिज या ब्रिटिश परिचारिकेच्या मदतीने घरपोच सेवा सुरू झाली. एक डॉक्टर, एक परिचारिका आणि एक समुपदेशक असे पथक रुग्णाच्या घरी जाते. पैसे घेतले जात नाहीत. आज दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत अशी अनेक पथके रोज फिरतात.

याला इंग्रजीत पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. रोग हटणार नसला तरी वेदना, धाप, मळमळ, जखमा आणि भीती यांचा परिहार करायचा, हा त्याचा अर्थ. ही सेवा केवळ कर्करोगासाठी नाही. पक्षाघात, निकामी होत चाललेले हृदय किंवा मूत्रपिंड, म्हातारपणचा स्मृतिभ्रंश, या सगळ्यांना ती लागते. आणि ती अगदी शेवटच्या घटकेला नव्हे, आजाराच्या आरंभापासून इतर उपचारांबरोबरच द्यायची असते.

अशा पथकाबरोबर गल्लीबोळातला जिना चढणाऱ्या नव्या डॉक्टरला पुष्कळ गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची. वास मारणाऱ्या जखमेवर मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड टाकली की वास कमी होतो आणि नातवंडे पुन्हा आजोबांच्या खोलीत येऊ लागतात! तोंड कोरडे पडले तर ते कसे ओले ठेवायचे, नळीतून पातळ अन्न कसे द्यायचे, हे सुनेला आणि मुलाला शिकवायचे. आणि सर्वांत अवघड म्हणजे ‘मी बरा होईन ना डॉक्टर?’ या प्रश्नाला खोटे न बोलता, पण धीर न खचवता उत्तर द्यायचे. घरचे लोक दाराबाहेर हात जोडून म्हणत असतात, ‘त्यांना काही सांगू नका.’ रुग्ण मात्र सगळे ओळखून असतो.

अफू पिकते, पण गोळी मिळत नाही

तीव्र वेदनेवर मॉर्फिनची गोळी हे जुने, खात्रीचे आणि स्वस्त औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली. तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. साधी गोळी घड्याळाच्या काट्याप्रमाणे दर चार तासांनी द्यायची, दुखू लागण्याची वाट पाहायची नाही. सोबत बद्धकोष्ठावरचे औषध न विसरता द्यायचे. जाणत्या डॉक्टरने मोजून दिले, तर वेदनेच्या रुग्णाला त्याचे व्यसन लागण्याची भीती फार थोडी.

मंदसौर, नीमच, चितोडगडच्या शेतात सरकारी परवान्याने अफू पिकते. औषधासाठी ती परदेशीही जाते. पण आपल्याच गल्लीतल्या रुग्णाला गोळी मिळत नाही, ही आपली तऱ्हा! १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे रुग्णालयांना एकाच औषधासाठी अनेक परवाने काढावे लागत. दुकानदार घाबरले, डॉक्टरांनी लिहायचे सोडले. डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या मॉर्फिन हाताळल्याशिवाय बाहेर पडल्या. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांना एकच परवाना पुरेसा ठरला. कागदावरची अडचण कमी झाली, मनातली भीती मात्र शिकल्याशिवाय जात नाही.

म्हणूनच शिकवण्याला महत्त्व. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली ‘शांती अवेदना सदन’ हे देशातले पहिले हॉस्पिस सुरू झाले. २०१२ पासून टाटा मेमोरियलमध्ये या विषयात एम.डी. करता येते, पुढे एम्सनेही ती सोय केली. पण तज्ज्ञ किती असणार? गल्लीतल्या साध्या डॉक्टरलाच हे यायला हवे. त्यासाठी आपला दवाखाना सांभाळून करता येणारा छोटा अभ्यासक्रम आहे. तो इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर या संघटनेचा असून दिल्लीतही चालतो.

मिक्श्चरची बाटली गेली कुठे?

मराठी घरांना फॅमिली डॉक्टर नवा नाही. बाटलीवर चिकटवलेली कागदाची कातरलेली पट्टी, कंपाउंडरने ढवळलेले लाल मिक्श्चर आणि ‘आजोबांची झोप कशी आहे?’ असे न चुकता विचारणारे डॉक्टर पुष्कळांना आठवतील. त्यांना घराची नस ठाऊक असे. आता एम.बी.बी.एस. झालेला मुलगा स्पेशालिस्ट होण्याच्या परीक्षेला बसतो. नुसता डॉक्टर राहणे कमीपणाचे वाटू लागले आहे.

पण फॅमिली डॉक्टरकी हीदेखील आता एक विशेष विद्या आहे. एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षे, लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत आणि बाळंतपणापासून किरकोळ शस्त्रक्रियेपर्यंत सगळे शिकून डी.एन.बी. ही पदवी घेता येते. तीस हजारीजवळच्या सेंट स्टीफन्स रुग्णालयात हे शिक्षण मिळते. १८८५ साली बायका-मुलांसाठी सुरू झालेल्या या रुग्णालयाचे सुंदर नगरीच्या पुनर्वसन वस्तीत ऐंशीच्या दशकापासून आरोग्य केंद्र आहे. तिथल्या अरुंद गल्ल्यांत वस्तीतल्याच बायका आरोग्यसेविका म्हणून हिंडतात. कुठल्या घरात कोण अंथरुणावर आहे हे डॉक्टरला त्या सांगतात. २०१० साली फॅमिली डॉक्टरांची राष्ट्रीय अकादमीही स्थापन झाली. या विद्येला मेडिकल कॉलेजांत मानाचे स्थान मिळावे, हा तिचा आग्रह.

थोडे थोडे बदलते आहे. २०१९ पासूनच्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात रुग्णाशी कसे बोलावे, कसे वागावे हे शिकवले जाते. २०२२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्याकडे जात राहावे, अशी योजना आली. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेतल्या आरोग्य केंद्रांच्या यादीत म्हाताऱ्यांची आणि अंथरुणावरच्या रुग्णांची सेवाही लिहिली आहे. भोर समितीचे म्हणणे पाऊणशे वर्षांनी कागदावर उतरले म्हणायचे! ते घरापर्यंत पोहोचायचे तर जिना चढणारा डॉक्टर हवा.

संध्याकाळी एम्सच्या चौकात पुन्हा चुली पेटतात. फाईलची पिशवी उशाशी घेऊन माणसे आडवी होतात. त्यांतल्या एखाद्याला आज सांगितलेले असते, ‘आता घरी न्या.’ तो उद्याच्या गाडीने गावी जाईल. त्याच्या गावच्या आरोग्य केंद्रात बल्लभगडला, सुंदर नगरीत किंवा अशाच ठिकाणी शिकलेला कुणी डॉक्टर असला, तर त्याची शेवटची रात्र तळमळण्यात जाणार नाही.

दिल्लीच काय, आपल्या पुण्या-नागपुरातही हीच गोष्ट आहे. आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना एकदा विचारून पाहा, ‘घरी याल ना?’ ते ‘हो’ म्हणाले, तर त्यांना जपा.