ऑफिस सोडून गेलेल्या ज्युनिअरांविषयी

पहूर पेठ, ता. जामनेर

आदरणीय सर,


परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "अजून एक ज्युनिअर गेला. शिकवायचं आपण, बोर्ड लावायचा त्यांनी." ते मनाला लागलं, म्हणून लिहितोय. मीही तुमच्याच ऑफिसातून निघून जामनेर कोर्टात उभा राहिलोय.

गेलेला माणूस तुटला असं समजू नका, सर. बार कौन्सिलच्या नियम 36 मुळे वकिलाला जाहिरात करता येत नाही, पाटीसुद्धा बेताचीच लावायची. पक्षकार येतो तो कुणाच्या तरी शब्दावर. तुमचं काम जवळून पाहिलेल्या माणसाच्या शब्दाला जे वजन आहे, ते दुसऱ्या कुणाच्या? जामनेरच्या निकालावर जळगावला अपील करायचं झालं की मी तुमचंच नाव सांगतो. पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जायचं तर तिथेही आपलीच माणसं आहेत. 1981 मध्ये ते खंडपीठ झालं नसतं, तर अजून मुंबईच्या वाऱ्या चालल्या असत्या.

तो वाटपाचा दावा आठवा. बहिणीच्या हक्कसोडपत्रावरच्या साक्षीदाराने उलटतपासात कबूल केलं होतं, की कागद न वाचताच सही केली. नव्या ज्युनिअरला ते वाक्य सापडेना. ज्या ताईंनी तेव्हा तुमच्या शेजारी बसून टिपणं काढली, त्या आता नाशिकला बँकेच्या विधी विभागात आहेत. तुम्ही फोन केलात आणि त्यांनी निशाणी क्रमांकासकट सांगितलं. अपिलात तुमचा सगळा युक्तिवाद त्या एका वाक्यावर उभा राहिला.

गेलेले ज्युनिअर फुटून समोरच्याला मिळतील, ही भीती तुम्ही धरू नये. ज्या प्रकरणात काम केलं, त्यात विरोधी पक्षातर्फे उभं राहता येत नाही. काम संपलं तरी पक्षकाराची गुपितं जपावीच लागतात. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 126 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 132 आहे. जो न्यायाधीश झाला, त्याच्याशी मात्र फक्त खुशालीचंच बोलावं.

मुंबईच्या मोठ्या फर्म गेलेल्या वकिलांशी मुद्दाम संबंध राखतात. उद्या त्यांच्यातलाच कुणी एखाद्या कंपनीचा विधी अधिकारी होतो आणि काम कुणाला द्यायचं ते ठरवतो.

दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना ऑफिसात बोलवा. फोन नंबर मी गोळा करतो. फक्त परवा गेलेल्या मुलाला पहिला फोन तुम्ही स्वतः करा.

आपला,
जुना ज्युनिअर