भाड्याची कोठडी

पॅरिसला आल्यापासून तिला खोल्यांची मापं काढायची सवय लागलीय. मीरा रोडच्या शांती नगरात वन रूम किचनमध्ये चौघं राहायची, पण कधी कुणी टेप लावून पाहिली नव्हती. इथे लिफ्ट नसलेल्या सहाव्या मजल्यावर, पूर्वी मोलकरणींसाठी बांधलेली माळ्यावरची खोली: 9 चौरस मीटर. कायद्याची किमान मर्यादाही साधारण एवढीच.

आई आली तेव्हा ती तिला कॉन्सिएर्जरी दाखवायला घेऊन गेली. सेन नदीतल्या बेटावरचा हा फ्रेंच राजांचा वाडा चौथ्या फिलिपनं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला ऐसपैस वाढवला. खालचं दगडी दालनच 64 मीटर लांब. राजाच्या पदरचे दोनेक हजार लोक तिथे जेवायचे.

"एवढ्यांचं रांधायचं कुठे गं?"

शेजारीच, चार कोपऱ्यांत चार भल्यामोठ्या चुली. आई तिथून हलेचना.

1358 मध्ये बंडवाल्यांनी युवराजाच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन सरदार कापले. पुढे राजघराण्यानं वाडा सोडला, कारभारी मागे राहिला. कॉन्सिएर्ज म्हणजे तोच. शतक सरता सरता वाड्याचा तुरुंग झाला, तो थेट 1934 पर्यंत.

आईचं माहेर खुलताबादचं, त्यामुळे तिला यात नवल वाटलं नाही. दौलताबादच्या किल्ल्यातला चिनी महाल तिनं लहानपणीच पाहिलेला. निळ्या-पांढऱ्या फरशांच्या त्या राजेशाही महालात औरंगजेबानं गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन याला 1687 नंतर मरेपर्यंत डांबून ठेवलं. त्याची कबर खुलताबादलाच आहे.

पॅरिसचा कारभार मात्र रोकडा. पैसेवाल्या कैद्याला खाट मिळे, त्याहून सधनाला टेबल आणि लिहायचं सामानही. या कोठड्यांना सोन्याच्या नाण्यावरून 'पिस्तोल' म्हणत. कफल्लकांनी गवतावर लोळायचं. म्हणजे तुरुंगातही भाडं! लेकीला आपला घरमालक आठवला. त्यानं तीन महिन्यांच्या पगारपावत्या बघितल्याशिवाय किल्ली दिली नव्हती.

राणी मारी आंत्वानेत 1793 मध्ये इथे अडीच महिने होती. 16 ऑक्टोबरला तिला इथूनच गिलोटीनकडे नेलं. तिच्या कोठडीच्या जागी पुढे प्रार्थनाघर बांधलं गेलं. गर्दी तिथेच होती.

आई मात्र बाहेर बायकांच्या चौकात. कैदी बायका कपडे धुवायच्या ते दगडी कुंड तिथे अजून आहे. तिनं काठावरून हात फिरवला, वर चारी बाजूंच्या भिंती पाहिल्या.

"धुवायचं ठीक. वाळत कुठे घालायच्या?"

माहितीच्या पाटीवर ते नव्हतं. लेकीच्या खोलीत दोरी पलंगावरूनच जाते. सकाळपासून आईची साडी तिथेच टपकत होती.